बाईंच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायची आहे, पैसे नेमके कशाला द्यावेत?

रानमोगरा

नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं नुसती वाचत आले, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

आमच्या कोकणातल्या तालुक्याच्या कॉलेजात बाईंनी 31 वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यातली शेवटची नऊ वर्षं त्या प्राचार्य होत्या. गेल्या मार्गशीर्षात गेल्या. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. आम्ही जुन्या विद्यार्थिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला, बघता बघता 4 लाख 20 हजार जमले, अजून येताहेत. दहा लाखांपर्यंत पोचू असं वाटतंय.

गटाचं बहुमत असं: बी.एस्सी.ला पहिल्या येणाऱ्या मुलीला दरवर्षी 11,000 रुपये, मानचिन्ह आणि बाईंच्या जयंतीला, म्हणजे जानेवारीत, कार्यक्रम. ऐकायला बरं आहे, पण मला काहीतरी खुपतंय आणि काय खुपतंय ते नीट सांगता येत नाहीये. ज्यांनी असं काही केलंय, किंवा ज्यांना अशी शिष्यवृत्ती मिळालीय, त्यांनी लिहा. चुकत असेल तर झोडपा.

---

टवाळ_पेठकर

11,000 ची शिष्यवृत्ती, 4,000 चं मानचिन्ह, शाल-श्रीफळ, फ्लेक्स, प्रमुख पाहुण्यांची गाडी, आणि बटाटेवडा-चहा दीडशे माणसांचा. मुलगी सोडून सगळ्यांची सोय झाली की!

---

निवृत्त_लेखनिक

वरच्या चेष्टेत तथ्य आहे. मी एका विद्यापीठात बक्षिसं आणि देणग्यांच्या टेबलावर अठरा वर्षं काढली. कुठलं ते विचारू नका.

आमच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, कै. तमुक यांच्या स्मरणार्थ. साठ-सत्तरच्या दशकात कुणी दोन हजार, कुणी पाच हजार ठेवलेले. त्या काळी तो मोठा पैसा, व्याजात मुलीची वर्षाची पुस्तकं येत. मी निवृत्त झालो तेव्हा त्यातल्या कित्येकांचं वर्षाचं व्याज तीन आकडी होतं. मुलगी लातूरहून स्वखर्चाने यायची आणि दोनशे रुपयांचा चेक घेऊन जायची. एकीने चेक वटवलाच नाही. म्हणाली, बँकेत जायलाच जास्त लागतील.

तेव्हा दोन गोष्टी. एक, व्याज सगळं वाटू नका. दहा लाखांवर सात टक्क्यांनी सत्तर हजार येतील असं धरा. त्यातले चौदा हजार मुद्दलात परत टाका आणि छप्पन्न वाटा. आज कंजूषपणा वाटेल, वीस वर्षांनी नाही वाटणार. दोन, करारपत्रात लिहून ठेवा की रक्कम आणि अटी दर पाच वर्षांनी बदलता येतील, आणि कोण बदलणार तेही लिहा. आमच्या रजिस्टरात एक देणगी 'टंकलेखनात प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीस' अशी होती. टंकलेखन गेलं, देणगीदार गेले, अट बदलायचा अधिकार कुणालाच नाही. पैसे तसेच पडून.

---

डेबिट_क्रेडिट

व्यवसायाने सीए आहे, म्हणून रूक्ष लिहितो.

नवा ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, बदल अर्ज, आयकराची नोंदणी. चार वर्षांत उत्साह संपतो आणि सगळं एका बिचाऱ्या सेक्रेटरीच्या गळ्यात पडतं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे बहुधा 80जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळण्याची मान्यता) असेलच. त्यांच्याकडे स्वतंत्र निधी ठेवा. देणगी देताना प्रत्येकीने 'ही रक्कम कायम निधी म्हणून' असं लेखी पत्र द्यायचं. नाहीतर ती रक्कम संस्थेचं त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते.

80जीची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. नवीन प्रणाली घेतलेल्यांना काही मिळणार नाही, हे आधीच सांगा म्हणजे मार्चमध्ये रुसवेफुगवे नकोत. रोख दोन हजारांच्या वर असेल तर कोणालाच नाही.

परदेशातल्या मैत्रिणींचं नीट बघा. भारतीय पासपोर्ट असलेली मुलगी दुबईत असो वा डब्लिनमध्ये, तिने आपल्या बँक खात्यातून पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, मग एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचा कायदा, लागू. संस्थेकडे ती नोंदणी नसेल तर तो पैसा घ्यायचाच नाही, 'आपलीच तर आहे' म्हणून पण नाही.

---

कोरा_चहा

मला मिळाली होती अशी शिष्यवृत्ती, म्हणून लिहिते. कॉलेजचं नाव नाही सांगणार.

1998. अकरावी-बारावी मामाकडे राहून केली, एफ.वाय.ला हॉस्टेल. जूनमध्ये फी भरली ती आईच्या पाटल्या मोडून. खानावळीचं कार्ड असायचं, पिवळं, तीस खणांचं. रोज दोन टिकल्या. ऑगस्टचे पैसे थकले तसं मावशींनी कार्डावर कोपऱ्यात लाल पेनने एक छोटी रेघ मारली. बोलल्या काहीच नाहीत. पण वाढायला आलेली मुलगी आधी कार्डाकडे बघायची, मग भाताकडे. मी सप्टेंबरात रात्रीचं जेवण सोडलं. लाल रेघ बघायला लागू नये म्हणून. मैत्रिणींना सांगितलं, वजन वाढलंय.

शिष्यवृत्ती जाहीर झाली डिसेंबरात. मिळाली फेब्रुवारीत, स्नेहसंमेलनात. अडीच हजार. साडी नेसूनच यायचं असा निरोप होता, तर रूममेटच्या वहिनीची आणली. निवेदकाने माइकवर सांगितलं, 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून'. समोर आख्खं कॉलेज. ज्यांच्या नावाने होती त्या फार मोठ्या मनाच्या बाई असणार, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्या घरच्यांच्या मी पायाही पडले. पण पैसे हातात आले तेव्हा वर्ष संपत आलं होतं, आणि हलाखी सगळ्यांना कळली होती.

रानमोगरा, तुला काय खुपतंय ते बहुतेक हे असेल. जानेवारी.

---

टवाळ_पेठकर

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. मोठ्याने हसलो होतो, लाज वाटली.

---

स्पष्टवक्ता

एक विचारू का? फक्त मुलींनाच का? आमच्या गावची गरीब पोरं काय आभाळातून पडली? गरज बघा, लिंग नको.

---

गोदाकाठ

स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहे. मुलांसाठी जरूर काढा, मी पहिले हजार देते. पण यांची बाई, यांचा पैसा, यांची आठवण. आणि मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, त्यामुळे एवढं सांगू शकते: घरात एकाच्याच हॉस्टेलचे पैसे असतील तर कोण बाहेर जातं आणि कोण 'इथलंच काहीतरी' करतं, हे मी दर जूनला बघते.

आता मूळ प्रश्नाकडे. फीसाठी शिष्यवृत्ती काढत असाल तर थांबा. 2024-25 पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेशातून गेलेल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी या गटांसाठी 8 जुलै 2024 चा शासन निर्णय. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला नाही, खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांना नाही. तंत्रशिक्षणवाल्यांना एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 50,000, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. म्हणजे अशा अभ्यासक्रमांपुरता तरी कागदावर फी हा प्रश्न बराच सुटत आलाय. (कागदावर. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावर, अर्ज भरताना आधारशी बँक खातं जोडलेलं नसलं की पैसे कुठे अडकतात ते मुलींना विचारा.)

सुटलेला नाही तो राहण्या-खाण्याचा आणि जाण्या-येण्याचा. खेड्यातल्या मुलीला एस.टी. बारावीपर्यंत फुकट. तेरावीला गेली की पास काढायचा. विद्यार्थी म्हणून एक तृतीयांशच पडतो, मान्य. पण तो पास महिन्याच्या पहिल्या तारखेला लागतो, आणि घरात पैसा येतो तो भात विकल्यावर. माझी एक विद्यार्थिनी दर महिन्याचे पहिले चार-पाच दिवस गैरहजर असायची. मी आपली अनियमित म्हणून शेरे मारत होते.

---

रानमोगरा

कोरा_चहा, तुमचं वाचून अर्धा तास काही लिहवलं नाही. गोदाकाठ, तुमच्यामुळे एक गोष्ट आठवली आणि काल बाईंच्या मुलीकडे जाऊन आले.

बाईंच्या टेबलाच्या उजव्या खणात एक वही असायची. आम्हाला वाटायचं प्रॅक्टिकलच्या गुणांची. ती मुलीने दाखवली. दोनशे पानी, खाकी कव्हर, उभ्या रेघा बाईंनी स्वतः आखलेल्या: तारीख, नाव, रक्कम, कशासाठी. 'परत' असा पाचवा रकाना आखलेला आहे, पण पहिल्या दोन पानांनंतर तो आखणंच सोडून दिलंय.

नावं सांगणार नाही. 'कशासाठी' हा रकाना जसा आहे तसा उतरवते, एका पानावरचा:

एस.टी. पास. चष्मा. खानावळ ऑगस्ट. खानावळ सप्टेंबर. परीक्षा फॉर्म लेट फी. एस.टी. पास. चप्पल. भावाच्या औषधाला (तिला सांगितले पुस्तकांसाठी). रत्नागिरी मुलाखत जाणे-येणे. छत्री. एस.टी. पास. साडी, निरोप समारंभ.

मी पूर्ण वही चाळली. कॉलेजची फी म्हणून दिलेली रक्कम मला सहा ठिकाणी सापडली. बाकी शेकडो नोंदी या अशा. आणि जवळजवळ सगळ्या जून ते ऑक्टोबरच्या. जानेवारीत वही कोरी.

बी.एस्सी.ला पहिली आलेली मीच होते, 2003 ला. माझं नाव वहीत नाही. असायचं कारणही नव्हतं, वडील तहसीलला होते.

---

निवृत्त_लेखनिक

झालं की मग. नियमावली बाईंनीच लिहून ठेवलीय.

---

बॉस्टनकर

वहीवरून आठवलं. मी इथे अमेरिकेत वेलस्लीजवळ राहते. अ‍ॅलिस फ्रीमन ही बाई 1881 च्या शेवटी, वयाच्या 26 व्या वर्षी, वेलस्ली या स्त्रियांच्या कॉलेजची प्रमुख झाली. शेतकऱ्याची थोरली मुलगी. घरात कॉलेजचे पैसे एकाच मुलाला पुरतील एवढे, आणि ते अर्थात भावासाठी. तिने आईवडिलांना शब्द दिला की मला शिकू द्या, भावाचं कॉलेज आणि बहिणींचं शिक्षण मी केल्याशिवाय लग्न करणार नाही. मिशिगन विद्यापीठातून 1876 ला पदवीधर झाली. 1887 ला लग्न झालं तेव्हा वेलस्लीचं पद सोडावं लागलं, तेव्हाची रीतच ती. 1902 साली पॅरिसला वारली. पदवीधर स्त्रियांच्या ज्या संघटनेच्या उभारणीत ती होती, तिनेच पुढे तिच्या नावाने स्त्रियांसाठी स्मृती-फेलोशिप ठेवली.

हे सांगायचं कारण, ती फेलोशिप संशोधनासाठी होती. चांगलीच गोष्ट, पण शेतावरून कॉलेजात पोचेपर्यंत जे लागतं त्याच्या फार पुढची. स्मारक करताना माणसाचं शिखर आठवतं, पायरी नाही. अर्थात संशोधनासाठीही कुणीतरी हवंच: मिशिगनचेच एक रीजंट (विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे सदस्य), लीव्हाय बार्बर, यांनी 1917 साली आशियाई स्त्रियांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या, त्यातल्या एकीवर केरळातल्या तलश्शेरीच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ तिथे गेल्या आणि 1931 साली डॉक्टरेट घेऊन बाहेर पडल्या. तुमच्या बाई वनस्पतिशास्त्राच्या, त्यांनी जानकी अम्माळ शिकवल्या असतीलच.

---

रानमोगरा

शिकवल्या नाहीत, त्या अभ्यासक्रमात नव्हत्या. पण ऊस आला की सांगायच्या. उसाच्या रानटी जातींशी संकर करणारी बाई म्हणून.

---

रंकाळा

परतफेडीचा पण विचार करा बरं का. जमशेटजी टाटांनी 1892 ला जी निधी-योजना काढली ती कर्जाऊ शिष्यवृत्तीची. शिका, कमवा, परत करा. तिच्या पहिल्या दोन मानकरी स्त्री-डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि आमच्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. दान घेतल्यासारखं वाटत नाही, मान राहतो. कोरा_चहा यांनी लिहिलेलं सगळं टळतं.

---

कोरा_चहा

रंकाळा दादा, विलायतेला जाणाऱ्या डॉक्टरीणबाईंना कर्ज ठीक. खानावळीच्या भाताचं कर्ज नको. मी तेव्हा ते घेतलंच नसतं. लाल रेघ परवडली असती.

---

रंकाळा

पटलं. बाईंनीही 'परत'चा रकाना सोडून दिलाच होता म्हणा.

---

चर्चगेट_फास्ट

नावाबद्दल आणि फॉर्मबद्दल लिहिते.

आधी नाव. 'मुलींसाठी' लिहू नका, 'स्त्रियांसाठी' लिहा. आमच्या वर्गात लग्नानंतर बारा वर्षांनी शिकायला आलेली एक होती. तिला प्रत्येक खिडकीवर 'गॅप सर्टिफिकेट'साठी परत पाठवायचे. वयाची अट घालू नका, अविवाहित असण्याची तर अजिबात नको.

आणि फॉर्मवर 'वडिलांचे/पतीचे नाव' असा सक्तीचा रकाना नको. डॉ. स्नेहलता देशमुख आठवतात का? बालशल्यचिकित्सक, सायन हॉस्पिटलच्या अधिष्ठाता, आणि 1995 ते 2000 मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. त्यांच्या काळात विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव यायला लागलं. 2024 च्या जुलैत त्या गेल्या. त्याच वर्षी 1 मेपासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचा राज्याचा नियम झाला, म्हणजे विद्यापीठ पाव शतक पुढे होतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव छापून आलं तेव्हा आम्ही कौतुकाने आईला दाखवलं. आई चौथी शिकलेली. तिने बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, 'हे सासूबाईंनी ठेवलेलं. माझं नाव वेगळं होतं.' लग्नाच्या तांदळात लिहून बदललेलं नाव. आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. तेव्हा नुसता 'आईचे नाव' रकाना ठेवून भागत नाही हेही खरं, पण निदान घरात प्रश्न तरी निघतो.

जाता जाता: ज्या एसएनडीटीत मी शिकले, तिची अक्षरंही आईच्याच नावाची आहेत. विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 साली महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये कबूल केले आणि आईचं, नाथीबाईंचं, नाव लावलं. पुढे 1951 ला कायद्याने विद्यापीठ झालं तेव्हा पहिल्या कुलगुरू विठ्ठलदासांच्या पत्नी, प्रेमलीलाबाई. बाईंच्या नावाने काही उभं राहणं आपल्याकडे नवीन नाही. फक्त अडीच हजारांच्या चेकवर थांबू नका.

---

स्पष्टवक्ता

मी अजूनही म्हणतो की मुलांनाही हवं. पण वहीचं वाचून 2,000 पाठवतोय, खाते क्रमांक संदेशातून द्या. जुन्या करप्रणालीत आहे, पावती लागेल. :)

---

डेबिट_क्रेडिट

पावती म्हणजे 10बीई प्रमाणपत्र, ते संस्थेने पुढच्या वर्षी मे अखेर द्यायचं असतं. मागे लागा.

---

रानमोगरा

काल रात्री गटाची ऑनलाइन बैठक झाली. सव्वादोन तास. वहीचं ते पान मी वाचून दाखवलं. ठरलं ते असं:

गुणांची अट एवढीच की नापास होऊन वर्ष गेलेलं नको. रक्कम दरमहा, जून अखेर ते मार्च, थेट खात्यात. दोघींना 2,800 प्रमाणे, म्हणजे लेखनिक काकांचे छप्पन्न हजार बरोबर बसतात. शिवाय कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंकडे 14,000 चा सुटा निधी, अर्ज नाही, फॉर्म नाही, एस.टी. पास आणि चष्म्यासाठी. (हो काका, ते मुद्दलात टाकायचे चौदाच आहेत. त्यावर भांडण झालं. पहिली तीन वर्षं हे पैसे आम्ही दहाजणी वर्गणी काढून देणार आणि व्याजातले चौदा मुद्दलातच जाणार.) नाव 'स्त्रियांसाठी'. विवाहित, वय, गॅप, काही अट नाही. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला मात्र संस्थेला हवाच आहे, तिथे आमचं चाललं नाही.

कार्यक्रमावर एकमत झालेलं नाही. ज्यांनी मोठ्या रकमा दिल्यात त्यातल्या दोघींना जयंतीला काहीतरी हवंच आहे. मी म्हटलं करू, व्याख्यान ठेवू, ऊस ठेवू, वनस्पतिशास्त्राचं प्रदर्शन ठेवू. मुलींना स्टेजवर बोलवायचं नाही. एक जण म्हणाली, मग देणाऱ्याला कळणार कसं की पैसे कुणाला गेले? त्यावर बाईंच्या मुलीने पहिल्यांदा माइक सुरू केला. म्हणाली, 'वहीतली एक नोंद भावाच्या औषधाची आहे. ती मुलगी आत्ता या कॉलवर आहे. कोण ते आईने मलाही सांगितलं नव्हतं, मी वही उघडली तेव्हा कळलं.' मग बराच वेळ कुणी बोललं नाही. विषय पुढच्या रविवारवर गेला.

---

कोरा_चहा

सुट्या निधीच्या वहीत 'परत' रकाना आखू नका.

---

निवृत्त_लेखनिक

आणि वही ग्रंथपाल बाईंच्या खणातच राहू द्या. ऑडिटला फक्त रकमांची बेरीज आणि बाईंची सही. नावं नकोत. तसं करता येतं, मी मसुदा करून पाठवतो.

---

पाऊलखुणा_

नवीन सदस्य आहे, चूक झाल्यास माफ करा. माझी जाऊ दापोलीजवळच्या खेड्यातून एफ.वाय.ला जाणार आहे, दोन मुलं आहेत, दहा वर्षांचा गॅप. तुमचं कॉलेज कुठलं आहे? अर्ज कधी निघणार?

---

रानमोगरा

पाऊलखुणा, संदेश बघा. नंबर पाठवलाय. पासाचे पैसे कधी लागतील ते तेवढं त्यांना विचारून ठेवा.